गोष्ट की कोडे?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक वाद झाला. दिवाळीत वाद होणे यात नवल नाही. अनारशांना जाळी का पडली नाही आणि चिवड्यात मीठ दोनदा कोणी घातले, यावरून तो आमच्याकडे दरवर्षीच होतो आणि फराळाबरोबर संपतो. हा वाद मात्र फराळाचे डबे रिकामे झाले तरी संपला नाही. माझ्यापुरता तो अजूनही चालू आहे, म्हणूनच वाचकांपुढे मांडतो आहे. प्रश्न दिसायला अगदी पोरकट. अकरा वर्षांच्या एका मुलीला तिच्या टॅबवर खेळण्यासाठी एक खेळ विकत घेऊन द्यायचा होता. तो गोष्टीचा घ्यावा, की कोड्याचा?

आधी घरची माणसे सांगतो. मी बोरगाव मेघेला राहतो. वर्धा शहराला अगदी चिकटलेले हे गाव. शहर कोठे संपले आणि गाव कोठे सुरू झाले हे आता पोस्टमनखेरीज कोणाला सांगता यायचे नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. दिवसा एका लहानशा खासगी शाळेत खालच्या वर्गांना शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. शाळेतली मुले मला लेखक समजतात आणि लेखक मंडळी मला मास्तर समजतात. दोन्हीकडे त्यामुळे थोडी सवलत मिळते. धाकटी बहीण हिंगणघाटला दिलेली. गेल्या वर्षी भर पावसाळ्यात तिचे यजमान अचानक गेले. त्यांच्या घरी त्या वर्षी सण नव्हता. म्हणून धनत्रयोदशीच्या आधीच जाऊन मी बहिणीला आणि भाचीला माहेरी घेऊन आलो.

भाची पूर्वी बडबडी होती. आता ती विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देई आणि पुन्हा गप्प होई. तिच्याजवळ एक टॅब होता, कडेला तडा गेलेला. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा वडिलांनी तो तिला अभ्यासासाठी घेऊन दिला होता. ती तो उशाशी ठेवून झोपे. दिवाळीची भेट म्हणून त्यावर एखादा चांगला खेळ घेऊन द्यावा असे मी मनात आणले. बहिणीने अट घातली, एकच. सौ.ने अट घातली, एकही नको. कारण पुढे चष्मा लागला तर तो कोण घेऊन देणार? शेवटी एकावर तडजोड झाली.

आमच्या शाळेतल्या एका तरुण मास्तरांनी दोन नावे सुचवली. दोन्ही खेळ इंग्लंडात झालेले, दोन्ही २०१४ सालचे. पहिला ‘एटी डेज’. ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने १८७३ साली ‘ऐंशी दिवसांत जगाची प्रदक्षिणा’ ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली; तिच्यावरून हा खेळ रचला आहे. खेळणाऱ्याने फॉगसाहेबांचा नोकर पासपार्तू व्हायचे. सामान, पैसा, वेळ सांभाळायचे. कोणत्या गावाहून कोणते वाहन धरायचे, वाटेत भेटलेल्या माणसाशी खरे बोलायचे की नाही, हे ठरवायचे. जसे ठरवाल तशी गोष्ट पुढे जाते. सगळा खेळ वाचण्याचा. कादंबरीतले फॉगसाहेब लंडनहून निघतात ती तारीख २ ऑक्टोबर १८७२. त्याच दिवशी तिकडे पोरबंदरात एका मुलाला तिसरे वर्ष पूर्ण झाले होते, आणि पुढे तोच मुलगा म्हातारपणी आमच्या शेजारी सेवाग्रामला येऊन राहिला. व्हर्नला याची कल्पना असणे शक्य नव्हते. पण आम्हा वर्धेकरांना अशा योगायोगांचे फार कौतुक.

दुसरा ‘मॉन्युमेंट व्हॅली’. यात शब्द अगदी थोडे. इडा नावाची एक चिमुकली राजकन्या असते आणि तिच्यापुढे मनोरे, पूल, जिने. ते जिने वेडे असतात. डच चित्रकार एश्शरच्या चित्रांतल्यासारखे, वर चढता चढता खालीच नेणारे. बोटाने एखादा खांब फिरवला की दोन तुटक्या वाटा डोळ्यांना एक दिसू लागतात, आणि गंमत अशी की दिसू लागल्या म्हणजे खरोखरच जुळतात. इडाला पलीकडच्या दारापर्यंत पोचवायचे. घाई नाही, घड्याळ नाही, आणि कितीही चुकले तरी राजकन्या मरत नाही.

बहीण म्हणाली, “दादा, कोड्याचाच घे. डोकं तरी चालेल. गोष्टी वाचून कोणाचं भलं झालं आहे?” असे म्हणून तिने माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिले नाही, हा तिचा मोठेपणा. मी अर्थातच गोष्टीच्या बाजूचा होतो. माझे म्हणणे असे, की या मुलीवर आभाळ कोसळले आहे. गणित सुटल्याने दुःख सुटत नाही. गोष्टीत माणसे भेटतात, त्यांची दुःखे भेटतात, आणि आपण एकटे नाही हे कळते. शिवाय इंग्रजी सुधारेल, असाही एक मुद्दा मी पुढे सरकवला. तो बहिणीसाठी होता.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री दिवे लावून झाल्यावर मी भाचीला जवळ बसवले आणि दोन मास्तरांची हकीकत सांगितली. हे मी निःपक्षपातीपणाने करतो आहे असा माझा आव होता. खरे पाहता मी पंच होऊन आपल्याच गड्याच्या बाजूने कौल देणार होतो.

पहिले मास्तर साने गुरुजी. १९२४ ते १९३० ही वर्षे त्यांनी अंमळनेरच्या शाळेत शिकवले, मग नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या लढ्यात गेले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात असताना त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. दुसरे मास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९३० ते १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवीत. म्हणजे १९३३ साली कोठडीत एक मास्तर आईची आठवण लिहीत होते, आणि तेथून थोड्याच कोसांवर दुसरे मास्तर फळ्यावर आकडे मांडीत होते. गुरुजींची गोष्ट महाराष्ट्राच्या घराघरांत गेली. कापरेकरांच्या आकड्यांकडे मात्र विद्वानांनी बरीच वर्षे पोरखेळ म्हणूनच पाहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष गेले.

त्यांचा सर्वांत गाजलेला आकडा ६१७४. तो त्यांना १९४९ साली सापडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फक्त चारही अंक एकच नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. येईल त्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. फार तर सात वेळा केले की ६१७४ येतेच. आणि एकदा आले की पुढे तेच येत राहते. मी वहीवर उदाहरण करून दाखवले. गांधीजी सेगावला राहायला आले ते वर्ष घेतले, १९३६. ९६३१ वजा १३६९, उत्तर ८२६२. मग ८६२२ वजा २२६८, ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. आणि ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. पाच पावलांत घर आले.

भाचीने माझ्या हातातून पेन्सिल घेतली. कित्येक दिवसांत प्रथमच तिने काही मागून घेतले. “कोणताही आकडा घेतला तरी?” तिने विचारले. मी म्हटले, “घेऊन बघ.” आणि साने गुरुजींच्या गोष्टीकडे वळावे म्हणून घसा साफ केला, तर माझे ऐकायला समोर कोणी नव्हते. ती वहीत वाकली होती. त्या रात्री बाहेर फटाके चालले होते, आत सौ. आणि बहीण हळू आवाजात बोलत होत्या, आणि ही मुलगी दिव्याच्या उजेडात पानांमागून पाने भरीत होती. आपली जन्मतारीख घेतली; बाबांची घेतली; टॅबच्या पेटीवरचे आकडे घेतले. सगळे रस्ते फिरून फिरून त्याच दाराशी येत होते.

सकाळी ती आपण होऊन म्हणाली, “मामा, मला कोड्याचा खेळ घ्या.”

कादंबरीकाराचा अभिमान हा फार हळवा प्राणी असतो. मी जरा दुखावून विचारले, “गोष्टीचा का नको गं? गोष्ट किती छान असते.”

ती म्हणाली, “कोड्याला उत्तर असते न, मामा.” मग थोडे थांबून म्हणाली, “आणि ‘श्यामची आई’ वाचलं आहे मी. शेवटी ती मरते.”

मी यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखे होतेही काय? गोष्टीने एकटेपणा जातो, हे मी तिला सांगत होतो. पण जिच्या घरात गोष्टीचे ते शेवटचे प्रकरण नुकतेच वाचून झाले आहे, तिला पुन्हा त्याच पानाशी का न्यावे, हा विचार मला शिवला नव्हता. मी गोष्टीची महती जाणत होतो. ऐकणारी कोण, हे विसरलो होतो.

त्यानंतर पुष्कळ दिवस मी या दोन प्रकारांचा विचार करीत राहिलो. कोड्याचा स्वभाव मला पूर्वी थोडा कोरडा वाटे. आता तसे वाटत नाही. कोडे घालणारा आपल्याला एक मुकाट वचन देतो, की बाबा रे, येथे वाट आहे. मी तुझ्या आधी येथे येऊन गेलो आहे आणि दार कोठे आहे ते मला ठाऊक आहे. तुला सापडत नसेल, पण ते आहे. ज्याच्या पायाखालची जमीन सरकली आहे त्याला याहून मोठा दिलासा कोणता? शिवाय कोड्यात वशिला चालत नाही, दैव आडवे येत नाही, आणि चूक झाली तर कोणी गमावले जात नाही. पुसून पुन्हा मांडता येते. अशा एका जगात दिवसातून घटकाभर जाऊन यावे असे दुःखी माणसाला वाटले, तर ती पळवाट म्हणता येणार नाही. आपल्या आजीबाई दुःखाच्या घरी बसून वाती वळीत. मोजून शंभर, मग आणखी शंभर. त्यातही हाच विसावा असावा.

गोष्टीचा स्वभाव उलटा. तेथे झालेले पुसता येत नाही. आता कोणी म्हणेल, खेळातल्या गोष्टीत तर निवड तुमच्याच हाती असते. हा रस्ता नको तर तो घ्या. मी धंद्याने कादंबरीकार असल्यामुळे या निवडीविषयी मला थोडा संशय आहे. जितक्या वाटा लेखकाने आखल्या तितक्याच त्यात असतात, आणि न आवडलेला शेवट टाकून उद्या पुन्हा लंडनहून निघता येते. जीवनातली निवड कठीण असते ती पर्याय थोडे असतात म्हणून नव्हे, मागे येता येत नाही म्हणून. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जाणारा मोक्षपट पाहा. आपण ज्याला सापशिडी म्हणतो त्याचेच ते जुने रूप. तेथे शिडी म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. उपदेश मोठा, पण निवड मुळीच नाही. पडेल ते दान घ्यायचे. लहानपणी मला तो अन्याय वाटे. आता वाटते, त्यात निदान प्रामाणिकपणा आहे.

आपल्या भाषेने या दोहोंसाठी क्रियापदेही वेगळी ठेवली आहेत. कोडे आपण ‘सोडवतो’. गोष्ट कोणी सोडवीत नाही; ती ‘सांगतात’ आणि ‘ऐकतात’. सोडवण्याला बुद्धी लागते आणि ते एकट्याने होते. सांगण्या-ऐकण्याला दोघे लागतात, आणि त्यांपैकी एकाला गप्प बसता यावे लागते. हा भेद मी वर्गात सांगू शकलो असतो, पण तो माझ्या वागण्यात कधी आला नव्हता. याचा एक पुरावा माझ्याजवळ आहे. तो सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

सात-आठ वर्षांमागची गोष्ट. चौथीचा वर्ग माझ्याकडे होता आणि आम्ही मुलांना पवनारला सहलीला नेणार होतो. सहलीचे जमलेले पैसे एका पाकिटात घालून मी टेबलाच्या खणात ठेवले होते. मधल्या सुट्टीनंतर पाहतो तर पाकीट नाही. मी रागावलो नाही. रागावणारा मास्तर मी नव्हे, असे मला तेव्हा वाटे. मी विचार केला. मधल्या सुट्टीत वर्गात कोण होते? एकच मुलगा. पाकीट कोठे ठेवले हे कोणाला दिसले असावे? पहिल्या बाकावरच्याला, तो पहिल्याच बाकावर बसे. सहलीचे पैसे कोणी भरले नव्हते? त्याने. तिन्ही बाजूंनी रेषा ओढल्या आणि त्या एका बिंदूत मिळाल्या. कोडे सुटले होते. खरे सांगायचे तर ते सुटल्याचा मला सूक्ष्मसा आनंदही झाला.

मी त्याला पुढे बोलावले आणि सर्वांदेखत दप्तर उपडे करायला लावले. त्यात पाकीट नव्हते. “मग कोठे ठेवलेस?” मी शांतपणे विचारले. तो काही बोलला नाही. त्याचे न बोलणे हेच मी उत्तर धरले.

तिसऱ्या दिवशी हजेरीपटाचे कव्हर बदलताना ते पाकीट त्याच्या आतल्या बाजूला सरकलेले सापडले. मीच घाईत तेथे खोचले असणार. मी वर्गात जाहीर केले, “मुलांनो, पैसे सापडले.” मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलाला मी वेगळे काही म्हटले नाही. मास्तराने पोराची माफी मागितली तर वर्गाचा धाक जातो, असे मी स्वतःला समजावले. तो सहलीला आला नाही. पुढे केव्हातरी दुसऱ्याच कोणाकडून मला कळले, की त्या दिवसांत त्याची आई पहाटेच कापूस वेचायला जाई. डबा करायला घरी कोणी नसे. चारचौघांत बिनडब्याचे बसायला लाज वाटे, म्हणून तो मधल्या सुट्टीत वर्गातच थांबे.

“वर्गात का थांबलास रे?” एवढा एक प्रश्न विचारून मी ऐकत बसलो असतो तर हे तेव्हाच कळले असते. पण मला गोष्ट नको होती, उत्तर हवे होते. मी कादंबऱ्यांतून माणसाच्या मनाचे तळ शोधत होतो, आणि माझ्या पुढ्यातल्या दहा वर्षांच्या मुलाला मी अंकांसारखे मांडले, वजा केले आणि उत्तर काढले. कधी कधी वाटते, माझे उत्तर बरोबर निघाले असते तर मी आजही त्या युक्तीची बढाई मारीत असतो. आणि बरोबर निघाले असते तरी ते करणे चूकच होते. पाकीट त्याने घेतले असते तरी डब्याची गोष्ट खरीच राहिली असती.

आपल्या जुन्या कथेकऱ्यांना हे चांगले ठाऊक होते. महाभारतात यक्ष तळ्याकाठी युधिष्ठिराला प्रश्नामागून प्रश्न घालतो. तो सर्वांची उत्तरे देतो. शहाण्या माणसाला ती यावीत यात मोठेसे काही नाही. मग यक्ष म्हणतो, चार भावांपैकी एकच उठवतो, कोणता उठवू ते सांग. आता हे कोडे राहिले नाही. भीम मागितला असता तरी चूक म्हणता आले नसते, अर्जुन मागितला असता तरी नाही. युधिष्ठिर नकुलाला मागतो. कारण कुंतीचा एक मुलगा जिवंत आहे, तसा माद्रीचाही एक राहावा. आधीच्या साऱ्या उत्तरांतून त्याचे ज्ञान दिसले. या एका मागण्यातून तो माणूस दिसला. वेताळाच्या गोष्टींतही तेच. खांद्यावरचे प्रेत दरवेळी गोष्ट सांगते, शेवटी कोडे घालते, विक्रमराजा उत्तर देतो, आणि उत्तर दिले की प्रेत पुन्हा झाडावर. इतकी हुशारी, पण वाट काही सरत नाही. शेवटच्या गोष्टीचे उत्तर राजाला येत नाही. तो ओझे घेऊन मुकाट्याने चालू लागतो, आणि तेव्हाच वेताळ त्याच्यावर प्रसन्न होतो.

असो. पाडव्याला आम्ही कोड्याचा खेळ घेतला. भाची रोज थोडाच वेळ खेळे. बहिणीने घड्याळ लावले होते. एखादा मनोरा अडला की ती टॅब माझ्यापुढे धरी, आणि मला तो कधीही सुटत नसे, याचा तिला फार आनंद होई. ती हसली ते प्रथम माझ्या मूर्खपणाला. मी तो शक्य तितका टिकवून धरला. मला त्यासाठी विशेष कष्ट पडले नाहीत.

आणि गंमत अशी, की त्या कोड्याच्या खेळातही गोष्ट निघालीच. इडा त्या वेड्या जिन्यांवरून उगाच फिरत नसते. तिने पवित्र आकृती पळवलेल्या असतात. त्या एकेका मनोऱ्यावर परत ठेवायला आणि क्षमा मागायला ती निघालेली असते. हे तेथे कोणी समजावून सांगत नाही. दोन-चार वाक्यांत सुचवलेले असते. भाऊबीजेच्या दिवशी दुपारी भाचीने विचारले, “मामा, चूक केली हे सगळ्यांना माहीत नसलं तरी क्षमा मागावी लागते काय?”

मी “हो” म्हणालो. मास्तर दुसरे काय म्हणणार? आणि मग, का कोण जाणे, मी तिला त्या पाकिटाची हकीकत सांगितली. सौ.लाही ती आजवर सांगितली नव्हती. भाची शेवटपर्यंत ऐकत राहिली. मध्ये एकदाही बोलली नाही. मी थांबल्यावर तिने विचारले, “मग तुम्ही मागितली काय?”

कादंबरीत मी या ठिकाणी प्रकरण संपवले असते. पण समोर एक मुलगी बसली होती आणि ती उत्तराची वाट पाहत होती.

तो मुलगा आता सतरा वर्षांचा झाला आहे. आयटीआय करतो आणि संध्याकाळी वर्ध्याच्या एका गॅरेजात दुचाकी दुरुस्त करतो. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी तेथे गेलो. त्याने मला लगेच ओळखले, हात पुसून नमस्कार केला, स्टूल दिले. मी जे सांगायला आलो होतो ते वाटेत चार वेळा जुळवले होते. तेथे गेल्यावर त्यातले एक वाक्यही उपयोगी पडले नाही. कसेबसे म्हणालो, “चौथीत असताना मी तुझ्यावर चोरीचा आळ घेतला होता. तू घेतले नव्हतेस. पाकीट माझ्याच हजेरीपटात होते. मला तेव्हाच सर्वांसमोर सांगायला हवे होते. चुकलो मी.”

तो पान्ह्याशी चाळा करीत उभा होता. मग म्हणाला, “सर, मला तर काही आठवत नाही.”

मी म्हटले, “बरे.” आणखी काय म्हणणार? त्याने चहा सांगितला. आम्ही शाळेचे, पावसाचे, त्याच्या आईच्या तब्येतीचे बोललो. मी उठायला लागलो तेव्हा त्याने पलीकडे उभ्या असलेल्या एका मोटारसायकलकडे पाहत विचारले, “सर, पवनारला त्या वेळेस काय काय पाहिलं होतं तुम्ही लोकांनी?”

मी पुन्हा स्टुलावर बसलो. धाम नदीचे सांगितले, त्या थंडीत पाण्यात पाय घालून बसलेल्या पोरांचे सांगितले. विनोबांचा आश्रम, तेथे जमीन खणताना सापडलेली भरत-रामभेटीची मूर्ती, बाहेर झाडाखाली बसून खाल्लेली पुरी-भाजी, परत येताना गाडीत कोण कोण झोपले, सगळे आठवून आठवून सांगितले. तो काम बाजूला ठेवून ऐकत होता. गिऱ्हाईक आले तर त्याला थांबा म्हणाला. मला वाटते, माझ्या आयुष्यात इतक्या लक्ष देऊन ऐकणाऱ्याला मी कधी गोष्ट सांगितली नाही, आणि इतक्या उशिराही सांगितली नाही.

घरी आलो तर भाची ओसरीवर टॅब घेऊन बसली होती. “काय म्हणाला तो?” तिने विचारले.

मी म्हटले, “बस. सांगतो.”

तिने टॅब मिटून खाली ठेवला.